इंग्लंडचं शटर आणि तळमजल्याचं

“भांडी आपटायला पगार मिळतो? मग तुझ्या आईला एव्हाना पेन्शन सुरू व्हायला हवी होती!”

“मावशी भांडी नाही आपटत! सिनेमाचे आवाज करते!”

“तेच ते. ताट आपटलं काय आणि सिनेमाचं ताट आपटलं काय.”

“बाबा, तुम्हाला ना, काही सांगण्यात अर्थच नाही!” असं म्हणून भडक्याने पेला टेबलावर इतक्या जोरात ठेवला की आई आतून म्हणाली, “झालं. पोरगं आत्तापासूनच कामाला लागलं.”

भडक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. नववीत असताना एकदा त्याने रागाच्या भरात बाकाचं झाकण आपटलं. हेडमास्तर म्हणाले, “बाहेर उभा राहा.” तो बाहेर गेला, पण जरा जास्तच बाहेर गेला. व्हरांड्यातून जिन्यात, जिन्यातून मैदानात, मैदानातून फाटकाबाहेर आणि तिथून थेट घरी. त्यानंतर तो काही परत आत गेला नाही आणि हेडमास्तरांनीही “आत ये” म्हटलं नाही. आधी कोणी बोलायचं यावर घोडं अडलेलं. त्यात हेडमास्तर राहायला त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे दोघं रोज जिन्यात समोरासमोर यायचे आणि रोज एकमेकांना दिसायचे नाहीत.

मावशीचं काम मात्र बाबा म्हणत होते त्यापासून फार लांब नव्हतं, हे खासगीत कबूल करायला हवं. पडद्यावर कोणी चिखलातून चालत असलं, की तिकडे दूरच्या शहरात मावशी एका बंद खोलीत घमेल्यात हात घालून पचपच करत असायची. पडद्यावर कोणाचं हाड मोडलं, की मावशीने कोबीचा देठ मोडलेला असायचा. तिला हाताखाली एक माणूस हवा होता आणि तिने भडक्याला बोलावलं होतं. “पोराला कान आहेत,” एवढंच ती आईला फोनवर म्हणाली. बाबा म्हणाले, “कान आम्हालाही आहेत. त्याने बाहेरून दहावीला बसावं.”

बाबा पाणीपट्टीच्या ऑफिसात होते. ज्या गोष्टीवर शिक्का नाही ती गोष्ट जगात नाही, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान.

आता या सगळ्यात तो सिनेमा कुठून आला? तोही मावशीनेच पाठवला. सोबत एक निरोप: “बघू नकोस. ऐक.” भडक्याने तो ऐकला, मग बघितला, मग परत ऐकला. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणाऱ्या या पोराला त्या सिनेमाने असं काही गप्प केलं की आईने कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

सिनेमा इंग्लंडातला. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात एक म्हातारा येतो. गावातल्या एका गॅरेजवाल्याने पूर्वी कधीतरी त्याच्या भावाला समुद्रात बुडवून मारलेलं असतं. आता तोच गॅरेजवाला मोठा प्रतिष्ठित झालेला. म्हातारा समोरच खोली घेतो आणि रोज आपली खटारा गाडी गॅरेजात आणतो. आज वायपर, उद्या आरसा, परवा हॉर्न. गॅरेजवाला गाडी दुरुस्त करतो, दोघं चहा पितात, म्हातारा पैसे देतो, जातो. भावाचं नाव काढत नाही. आवाज चढवत नाही. आणि इकडे गॅरेजवाल्याला हळूहळू घाम सुटायला लागतो. शेवटी एक दिवस गॅरेजवाला आत गाडीखाली असताना म्हातारा बाहेर येतो, शटर ओढून कुलूप लावतो आणि समोर खोक्यावर बसून राहतो. बस. एक गोळी नाही, एक शिवी नाही. सगळ्या सिनेमात मोठा आवाज एकच, त्या शटरचा.

“याला म्हणतात सूड!” भडक्या बाबांना सांगत होता. “ओरडायचं नाही, मारायचं नाही. नुसतं समोर जाऊन बसायचं!”

“म्हणजे गाडी दुरुस्तीचा सिनेमा,” बाबा म्हणाले. “असले सिनेमे कोण बघतं?”

“सगळे बघतील!”

“असं?” बाबांचे डोळे चमकले. पाणीपट्टीच्या खिडकीवर कोणी नको तो कागद पुढे केला की ते असेच चमकायचे. “मग आपल्या इमारतीला दाखव. मधेच उठून एकही माणूस घरी गेला नाही, तर तू मावशीकडे जा, मी अडवणार नाही. एक जरी गेला, तर मुकाट्याने परीक्षेला बसायचं. आहे कबूल?”

आता शहाणा माणूस म्हणाला असता, विचार करून सांगतो. भडक्या म्हणाला, “कबूल!” आणि पुढचा पेला आईने वेळेवर उचलला म्हणून वाचला.

इमारतीला तळमजल्यावर एक हॉल होता आणि हॉलला एक सेक्रेटरी होता. हॉल वापरायला लेखी अर्ज, तोही तीन प्रतींत, आणि अर्जात ‘कार्यक्रमाचा उद्देश’ असा रकाना. भडक्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सूड’.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर घेतला. “कोणाचा?”

“इंग्लंडमधल्या एका माणसाचा.”

“त्याला सोसायटीची काही हरकत नाही. पण सूड आपल्या नियमावलीत बसत नाही. ‘सांस्कृतिक’ लिही. आणि परभाषेतला कार्यक्रम असेल तर ती भाषा समजणारी एक जबाबदार व्यक्ती हजर लागेल. आपल्याकडे अशी व्यक्ती एकच.”

ती कोण, हे भडक्याला विचारावं लागलं नाही. हेडमास्तर आयुष्यभर इंग्रजी शिकवत आलेले होते.

स्वतःहून बोलायचं नाही हे तर ठरलेलं. मग आईला पुढे घालून तो हेडमास्तरांच्या दारात गेला.

“आई, त्यांना विचार, रविवारी दुपारी वेळ आहे का.”

“वहिनी, त्याला सांगा, समाजकार्याला मला नेहमीच वेळ असतो.”

“आई, त्यांना सांग, फार बोलायची गरज नाही. सिनेमात कोणी फारसं बोलतच नाही.”

“वहिनी, त्याला सांगा, कुठे किती बोलायचं ते मला चांगलं कळतं. माझा माइक मी घेऊन येईन.”

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “तुम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे आहात,” ती म्हणाली. कोणीच ऐकलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. इमारतीत वर्गणी भरणारे थोडे, पण सल्ला देणारे झाडून सगळे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मध्ये एखादं गाणं टाक रे, नाहीतर माणसं पेंगतात.” भडक्या म्हणाला, दुसऱ्याच्या सिनेमात गाणं कसं टाकणार? काकू म्हणाल्या, “थोडंसंच टाक. त्यांना कुठे कळतंय?” आई म्हणाली, सगळ्यांना चहा करते. भडक्या किंचाळलाच, “चहा नको! चहा प्यायला की माणूस उठतो!” पाण्याच्या बाटल्यासुद्धा त्याने हॉलबाहेर ठेवायला लावल्या. आता त्याला रात्रंदिवस एकच दिसत होतं: खुर्चीवरून उठणारी माणसं. स्वप्नातसुद्धा अख्खी इमारत रांगेने उठून घरी जात होती आणि रांगेच्या तोंडाशी बाबा शिक्के मारत होते.

सगळ्यांत मोठं संकट मात्र स्पीकरकाकांचं. स्पीकरकाका म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घरी दोन कपाटाएवढे स्पीकर बाळगून असलेले गृहस्थ. इमारतीत काहीही असो, स्पीकर त्यांचे. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांचं एक मत पक्कं झालेलं: आवाज येत नाही म्हणजे बिघाड आहे.

“काका, हा सिनेमा शांत आहे बरं का,” भडक्याने आधीच बजावलं.

“काळजी करू नकोस,” काका म्हणाले. “मी आहे ना. त्याला बोलतं करतो.”

आणि राहिलं ते हॉलचं शटर.

बिल्डर तिथे दुकान काढणार होता, मग सोसायटीला हॉल दिला, पण शटर तसंच राहिलं. ते शटर लहरी होतं. एका वार्षिक सभेत ते आपोआप खाली आलं आणि निम्मे सभासद आत, निम्मे बाहेर असे अडकले. आतल्यांनी वेळ जावा म्हणून निवडणूक उरकून घेतली. सेक्रेटरी तेव्हाच बिनविरोध निवडून आले, कारण त्यांचे विरोधक बाहेर होते. तेव्हापासून शटरखाली कायम सुतारकामाचा एक लाकडी घोडा उभा असे आणि वर पाटी: ‘शटरला हात लावू नये. हुकमावरून.’ इमारतीत शटर हा शब्दसुद्धा लोक हळू आवाजात उच्चारत.

ते अडकलं तर उघडायचं कसं, हे फक्त भडक्याला माहीत होतं. शाळा सुटल्यानंतर, म्हणजे त्याच्यापुरती कायमची सुटल्यानंतर, घरी कळेपर्यंत रोज सकाळी बाबा ऑफिसला जाईतोवर तो याच हॉलमध्ये लपून बसायचा. डाव्या खालच्या कोपऱ्यात टाचेने एक लाथ घातली की शटर निमूट वर जातं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू तिथे काय करत होतास, हा प्रश्न आला असता.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांवर घरोघरच्या चादरी टांगल्या. कुठे हत्ती, कुठे गुलाब. अंधार हवा म्हणून शटर कमरेपर्यंत खाली घेऊन लाकडी घोड्यावर टेकवलं. सेक्रेटरी घोड्याशेजारीच खुर्ची टाकून बसले, डोळा पडद्यावर कमी आणि शटरवर जास्त. लोक वाकून वाकून आत आले. वाकल्यामुळे सगळे जरा नम्र दिसत होते. बाबा मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. एखादी पाठ हलली की त्यांना लगेच कळणार.

सिनेमा सुरू झाला. समुद्र. धुकं. रिकामा रस्ता. लांबून कुठूनतरी एक गाडी येतेय, इतकी लांबून की तिचा आवाज आहे की नाही ते कळू नये. भडक्याने डोळे मिटून घेतले.

“आवाज गेला,” स्पीकरकाका म्हणाले.

“काका, आवाज आहे. शांतता आहे.”

“शांतता आहे म्हणजेच आवाज नाही.” काकांनी बटण फिरवलं. गाडीची घरघर जरा जवळ आली. काकांनी समाधानाने मान हलवली. “बघ. बिघाड होता.”

म्हातारा गाडीतून उतरला, गॅरेजवाल्याला म्हणाला, “मॉर्निंग.”

“सुप्रभात,” हेडमास्तरांचा आवाज माइकमधून घुमला. “इंग्लंडमध्ये सकाळी भेटल्यावर असं म्हणण्याची पद्धत आहे.”

मग बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. हेडमास्तर माइक हातात धरून वाट बघत होते. वर्गात कधी इतका वेळ गप्प राहिले नव्हते बिचारे. शेवटी त्यांना राहवेना. “तो आता चहा पीत आहे,” त्यांनी सांगितलं. मग, “दुसराही चहा पीत आहे.” मग जरा विचार करून, “दोघांच्या कपात साखर नसावी.”

“यांना चहा मिळतोय,” काकू पुटपुटल्या, “आणि आपल्याला पाणीसुद्धा नाही.”

कोणीतरी जांभई दिली. जांभई अख्ख्या रांगेतून फिरून आली. एक खुर्ची करकरली. तो सिनेमा बघतच नव्हता, मागून लोकांच्या माना बघत होता. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. उठायच्या आधी माणूस बरोब्बर असेच हात ठेवतो! भडक्याने श्वास रोखला. गृहस्थाने गुडघे खाजवले.

म्हातारा बोलत नव्हता, आणि तो बोलत नव्हता म्हणून स्पीकरकाका बटण फिरवत होते. वायपरचा आवाज आता झाडू मारल्यासारखा यायला लागला. कपात चमचा फिरला तर कोणी घंटा वाजवतंय असं वाटलं. आणि मग भडक्याच्या एकदम लक्षात आलं. शटर! थोड्या वेळाने म्हातारा शटर ओढणार. या आवाजावर!

त्याने हळूच बटणाकडे हात नेला. काकांनी फटकन चापट मारली. “हात लावू नको. आत्ता कुठे ताळ्यावर आलंय.”

ओरडावं तर सगळे वळून बघणार, भांडण होणार, भांडणात चार माणसं उठणार. नेहमीचा भडक्या असता तर ओरडून मोकळा झाला असता. पण आज त्याला म्हातारा आठवला. आवाज चढवायचा नाही. स्पीकरचा प्लग बाहेर मीटरच्या खोलीत होता, वायर झरोक्यातून आत आलेली. गुपचूप बाहेर जायचं, शटर पडायच्या वेळेपुरता प्लग काढायचा, परत लावायचा. कोणाला पत्ता लागणार नाही. तो सेक्रेटरींच्या पायांजवळून रांगत शटरखालून बाहेर गेला. फोन आतच टेबलावर राहिला.

मीटरच्या खोलीत प्लग एक नव्हता. काळे, चिकटपट्ट्या मारलेले, एकमेकांत गुंतलेले कितीतरी प्लग होते. एक स्पीकरचा, एक पडद्यावर सिनेमा टाकणाऱ्या यंत्राचा, एक पाण्याच्या पंपाचा आणि बाकीचे कोणाचे ते देवाला ठाऊक. भडक्याने एक उपटला. वरच्या मजल्यावरचा कोणाचा तरी रेडिओ बंद पडला. घाईघाईने परत लावला. दुसरा उपटला. आतून “अरे! चित्र गेलं!” अशी आरोळी आली. तो परत लावला. तिसऱ्याला हात घातला, आणि

धडाम्!!

इंग्लंडातलं शटर पडलं.

आत काय झालं ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या अंधारात, त्या आवाजावर, एकाही माणसाला ते पडद्यावरचं शटर आहे असं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली तेच झालं, अशी सगळ्यांची खात्री पटली. “शटर पडलं!” काकू किंचाळल्या. सेक्रेटरी झोपेतून उठल्यासारखे उठले आणि शटर वाचवायला झेपावले. झेपावताना त्यांचा पाय लाकडी घोड्याला लागला. घोडा आडवा झाला. आणि दुसरं धडाम् झालं. पहिलं इंग्लंडचं, दुसरं आपलं.

भडक्या धावत आला तेव्हा शटर जमिनीला टेकलं होतं. अख्खी इमारत आत आणि तो एकटाच बाहेर.

आत गोंधळ चालला होता. कोणी शटर ओढत होतं, कोणी सेक्रेटरींना बोलत होतं, सेक्रेटरी शटरवाल्याला फोन करत होते आणि शटरवाला बहुधा रविवारी येत नव्हता. एवढ्यात माइक कडाडला. “शांत राहा! कोणीही जागा सोडू नये! मी सांगेपर्यंत कोणीही हलायचं नाही!”

हाच तो आवाज. “बाहेर उभा राहा,” म्हणणारा. भडक्याचा पाय उचललेलाच होता, डाव्या खालच्या कोपऱ्यासमोर. तो तसाच थांबला.

त्याने पाय खाली घेतला.

बाहेर उभं राहायला सांगितलं होतं ना? हा बघा उभा आहे. आणि तुम्ही आत. शिवाय, दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला, आता उठून घरी कोण जाणार? बाबा काय मोजणार? सुडाचा सूड आणि पैज जिंकल्यात जमा. भडक्या सावकाश पायरीवर बसला. सिनेमातला म्हातारासुद्धा आता असाच बाहेर खोक्यावर बसलेला असेल, पाव खात. भडक्याजवळ पाव नव्हता, पण लोकांच्या पाण्याच्या बाटल्या रांगेने ठेवलेल्या होत्या. त्यातली एक त्याने उघडली.

पहिला घोट छान लागला. दुसरा तितकासा नाही.

आतला गोंधळ हळूहळू कमी झाला. मग बंदच झाला. माइकसुद्धा बंद. हेडमास्तर गप्प? आत हवा खेळती आहे ना? खिडक्यांवर तर चादरी. बाबांना गोळी घ्यायची असते, ती घरी आहे. आणि पाणी? पाणी त्याच्या हातात होतं.

टक्. टक्.

शटरवर आतून कोणीतरी वाजवलं. भडक्या ताडकन उठला. मग त्याला आठवलं, सिनेमात आता गॅरेजवाला पान्याने शटरवर ठोकतो. स्पीकर तर गर्जतोय. म्हणजे सिनेमाच असणार. तो बसला. परत टक्. हा सिनेमा? की तिसऱ्या रांगेतला तो गुडघेवाला? मग पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज. हे सिनेमात आहे, नक्की आहे. पण इतका वेळ आहे का? भडक्याने शटरला कान लावला. त्याच्या कानांवर मावशीचा एवढा विश्वास, आणि आज त्यांना इंग्लंडचा माणूस कोणता आणि शेजारचा कोणता ते कळेना. आत एखाद्याला चक्कर आली असली आणि आपण इकडे सूड घेत बसलोय! हा म्हातारा खोक्यावर बसून पाव खाऊच कसा शकला?

आणि मग, अगदी खालच्या बाजूला, बारीक आवाज आला. टकटक. टक.

हा पान्याचा नव्हता. अंगठीचा होता. भडक्या न्हाणीघरात जास्त वेळ लावतो तेव्हा दारावर रोज हाच वाजतो. इंग्लंडातला कुठलाही गॅरेजवाला असं वाजवणार नाही. आई!

त्याने टाच घातली. असली घातली की पुढे बरेच दिवस लंगडत होता. शटर कण्हलं आणि कमरेएवढं वर गेलं. लख्ख उजेड आत घुसला.

“अरे, तूच आहेस होय?” आई खाली बसलेली होती. “तेच सांगायला वाजवत होते. त्या प्लगांना हात लावू नकोस हं आता. अगदी ऐन वेळी चित्र जायचं.”

“आई, तुम्ही सगळे...”

“उजेड!” आतून एकदम आरडाओरडा झाला. “उजेड आत येतोय! पडद्यावर दिसत नाही! कोण आहे तो?”

भडक्या वाकून आत बघत राहिला. सगळे पुढे सरकून बसले होते. स्पीकरकाकांचा हात बटणावर होता, पण फिरत नव्हता. काकूंनी शेजारणीचं मनगट घट्ट धरलेलं. पडद्यावर म्हातारा बाहेर बसला होता, आतून ठोकणं चाललं होतं, आणि स्वतः शटरमागे अडकलेली ती सगळी माणसं आतल्याच्या बाजूने श्वास रोखून ऐकत होती. सेक्रेटरी तेवढे उजेडाकडे बघून अर्धवट उठले. “उघडलं वाटतं. मी जरा पंपाचं बघून...”

मागच्या रांगेत बाबांची मान वर झाली.

“बसा हो खाली!” काकूंनी सेक्रेटरींचा शर्ट ओढला. “पंप कुठे पळून जात नाही. तो मरेल की काय आत?”

सेक्रेटरींनी बाहेरच्या उजेडाकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. आणि बसले.

तेवढ्यात माइक कडाडला. हेडमास्तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलत होते. “ए! मध्येच दार काय उघडतोस? बाहेर उभा राहा!”

भडक्याच्या तोंडून शब्द निघून गेला. “हो सर.”

त्याने शटर खाली घेतलं. इतकं हळू की मावशीलाही ऐकू गेलं नसतं. आणि तो बाहेर उभा राहिला.

सिनेमा संपला, भडक्याने शटर परत वर केलं, तसे लोक बाहेर आले, पण घरी कोणी जाईना. पायऱ्यांवरच वाद पेटला. शेवटी म्हाताऱ्याच्या हातात शटरची किल्ली असते, तो तिच्याकडे बघत असतो, आणि तिथेच सिनेमा तुटतो. “उघडलं असणार,” काकू म्हणाल्या. “आपल्याला आत कसं वाटत होतं, त्यालाही तसंच वाटत असेल.” स्पीकरकाका म्हणाले, शेवटचं रीळ हरवलं असावं. हेडमास्तर म्हणाले, “इथे बोलण्यासारखं काही नाही,” आणि माइक पिशवीत ठेवून चालू लागले. जिन्यापाशी क्षणभर थांबले आणि न वळता म्हणाले, “आवाज मात्र उत्तम होता.” एवढं म्हणून वर गेले.

बाबांनी घसा साफ केला. “लोक बसले नव्हते. अडकले होते. हे धरता येणार नाही.”

“वा! मधे उघडलं नव्हतं का शटर?” काकू त्यांच्यावर उसळल्या. “लख्ख उघडं होतं. गेलं का कोणी? तुम्ही तरी गेलात का?”

बाबांचा हात नकळत खिशाकडे गेला. खिडकीवर कागद पूर्ण बरोबर निघाला की तो असाच शिक्क्याकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडक्याची बॅग दारात होती. आईने तिच्यात तिसरा स्वेटर कोंबला. रिक्षा खाली उभी होती. सेक्रेटरी जिन्यात कागद घेऊन वाट अडवून होते. शटर पडल्याबद्दल लेखी खुलासा हवा होता, तीन प्रतींत. बाबांनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या खिशात घातला, बॅग उचलली आणि भडक्याच्या पुढे उतरायला लागले. तळमजल्यावर शटरसमोर आल्यावर थांबले. डाव्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याला ताजा पोचा आला होता, टाचेएवढा. बाबांनी वाकून त्यावर बोट फिरवलं.

“हे असं उघडतं, हे तुला आधीपासून माहीत होतं ना रे?”

भडक्याने दुखरी टाच मागे घेतली.

“मग आम्ही आत ओरडत होतो तेव्हा तू... इतका वेळ काय करत होतास बाहेर?”

रिक्षाने हॉर्न दिला.

“बाबा,” भडक्याने त्यांच्या हातातली बॅग घेतली. “निघायला हवं आता.”